सल्ला कुणाचा, पुरावा कशाचा

लोह्याच्या शेतकऱ्याच्या मोबाईलवरच्या गटांत कपाशीसाठी सकाळी एका फवारणीचा सल्ला येतो, संध्याकाळी दुसऱ्या. पाठवणारे बहुधा कृषी सेवा केंद्रवाले, नाहीतर कुठूनतरी पुढे ढकलणारे ओळखीचे. अशा गटांत शिकता येतं, हे मी मान्य करतो. पण सल्ल्यामागची मोजणी विचारली तरच. गुलाबी बोंडअळीचंच घ्या. एका कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ आली, असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात. हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं नाव बघून मानायचं कारण नाही. सापळा आपल्याच शेतात लावायचा आणि पतंग मोजायचे. बियाण्याचंही तसंच. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात उगवून पाहिले, सत्तरच्या खाली निघाले, तर बियाण्याची पिशवी काय सांगते याला किंमत उरत नाही.

यावर आक्षेप ठरलेला: शास्त्रज्ञ तरी कुठं बरोबर निघाले? २००६मध्ये आलेलं दोन जनुकांचं बीटी वाण बोंडअळी रोखेल म्हणाले, आणि २०१७मध्ये महाराष्ट्रात हीच अळी बोंडं पोखरत होती. आक्षेप खरा आहे. पण अळीत प्रतिकारशक्ती आली हे सिद्ध केलं ते प्रयोगशाळेत अळ्या तपासणाऱ्यांनीच. ती लवकर येऊ नये म्हणून कडेला बिगर-बीटी ओळी लावा, हा त्यांचाच सल्ला बहुतेकांनी बांधावर टाकून दिला होता. चुकीचा फॉरवर्ड मात्र दुरुस्त होऊन परत आल्याचं कुणी पाहिलंय?