फॅट वाचणाऱ्यांचा जिल्हा

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातले अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर पावती हाती पडली की शेतकरी आधी फॅट पाहतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घनपदार्थांवर) बांधलेला. पॉइंट घसरला की भाव कापला जातो, आणि तो जागेवरच हुज्जत घालतो. तोच माणूस घरी जाताना पोरांसाठी आइस्क्रीम म्हणून जो कप घेतो, त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ छापलेले असते. आइस्क्रीममधला स्निग्धांश दुधाचा असतो, फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालते. म्हणजे आपल्याच दुधाचे गिऱ्हाईक आपण खिशातले पैसे देऊन तेलाकडे धाडतो.

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ मध्ये याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या दिवशी तहसील कचेऱ्यांत व्याख्याने होतात, हारतुरे होतात. आम्हाला मात्र पाकिटाच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांबद्दल बोलायचे आहे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, एवढे एक ध्यानात ठेवले तरी पुष्कळ उलगडते. बदामाचे चित्र दर्शनी बाजूला आणि बदाम यादीच्या तळाशी, हा खेळ लगेच दिसतो. साखरेचे तर विचारू नका. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या या जिल्ह्याला साखर ओळखायला शिकवावे लागू नये. पण पाकिटावर ती लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशा नावांनी वावरते आणि नजरेतून निसटते.

दोष एकट्या ग्राहकाचा नाही. नियमानुसार मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. मराठी उत्पादकाच्या मर्जीवर. ज्या बाजारात माल खपवायचा तिथली भाषा सक्तीची का नसावी?

शिवाय सुट्या मालाला वेष्टनच नसते. तेल घालून केलेल्या ‘ॲनालॉग’ला पनीर म्हणून विकायला बंदी आहे, पण लग्नाच्या पंगतीत भाजीतला तुकडा कशाचा हे कुठे लिहिलेले असते? सुट्या मिठाईपुढे ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. पेढे घेताना ती पाटी दिसली नाही, तर विचारायला लाजू नये.

फसवणूक झालीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते. कंपनी मुंबईची असो वा दिल्लीची, तक्रार अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. मालासाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

दूध संघांनी एक करावे: संकलन केंद्रावर दरपत्रकाशेजारी आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट, पनीर आणि ॲनालॉग यांतला फरक ठळक मराठीत लावावा. त्या भिंतीकडे रोज दोनदा नजर जाते, आणि नुकसान कोणाचे हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.