कारण सापडेपर्यंत उपचार थांबू नयेत: ॲनाफिलॅक्सिसच्या रुग्णांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका

प्रत, माहिती व कार्यवाहीसाठी: मा. आयुक्त, पनवेल महानगरपालिका, मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य; प्रमुख, महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा

विषय: अज्ञात कारणाने येणाऱ्या तीव्र ॲलर्जीच्या झटक्यावर तातडीचा उपचार, त्याची नोंद आणि पाठपुरावा यांची बांधील व्यवस्था करण्याबाबत

महोदय,

आमच्या संघटनेचे सभासद दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आणि पुढे खारघर, कामोठे, कळंबोलीपर्यंत राहतात. त्यांना किंवा त्यांच्या मुलांना ॲनाफिलॅक्सिसचा झटका येऊन गेला आहे. अंगभर गांधी उठतात, ओठ आणि जीभ सुजते, घसा आवळतो, दम लागतो, रक्तदाब कोसळतो, काहींची शुद्ध हरपते. अनेकांच्या रक्ताच्या आणि त्वचेच्या चाचण्या झाल्या, महिनोन्‌महिने खाण्यापिण्याच्या वह्या लिहून झाल्या, तरी कारण सापडले नाही.

कारण न सापडण्याने आमचे सगळे गणित बदलते. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तो शेंगदाणे टाळून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतो. आम्ही काय टाळायचे? ‘ज्याने त्रास होतो ते टाळा’ हा सल्ला आमच्या केसपेपरवर लिहिला जातो आणि तिथेच संपतो. आम्हाला वाचवणाऱ्या गोष्टी दोनच: जवळ असलेले ॲड्रेनलिन आणि ते वेळेत देणारा माणूस. या दोन्ही गोष्टी एकट्या कुटुंबाच्या हातात नाहीत, म्हणून हे मागणीपत्र.

आजार नवा नाही. शार्ल रिशे आणि पोल पोर्टिए यांनी १९०२ साली त्याचे वर्णन केले आणि रिशे यांना या कामासाठी १९१३चे नोबेल पारितोषिक मिळाले. उपचारावरही मतभेद नाहीत. ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत द्यायचे. प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५, लहान मुलाला ०.३ मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांत पुन्हा. ०.५ मिलिग्रॅम म्हणजे नेहमीच्या १ मिलिलिटरच्या ॲम्प्युलमधील अर्धे औषध. हे औषध २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे.

प्रश्न वेळेचा आहे. ब्रिटनमधील ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ असा होता: इंजेक्शनसारख्या वैद्यकीय कारणाने ५ मिनिटे, कीटकदंशाने १५, अन्नाने ३०. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकलेल्या रिक्षात अर्धा तास कसा जातो, हे या शहरात कोणाला सांगावे लागत नाही.

ॲड्रेनलिन आधी, बाकी सगळे नंतर

आमच्या सभासदांचा वारंवारचा अनुभव असा. घरात ‘पित्त उठलंय’ म्हणून आमसुलाचे पाणी लावले जाते. ते घरच्यांचे अज्ञान आहे आणि ते दूर करणे आमचेही काम आहे. पण दवाखान्यात पोहोचल्यावरही ॲव्हिल (ॲलर्जीविरोधी औषध) आणि डेक्साचे (स्टेरॉइड) इंजेक्शन दिले जाते, सलाइन लावले जाते आणि ॲड्रेनलिनसाठी वरिष्ठ डॉक्टरांची वाट पाहिली जाते. ‘हृदयावर ताण येईल’ ही भीती असते. ॲव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात, आवळलेला घसा त्याने उघडत नाही आणि पडलेला रक्तदाब वर येत नाही. डेक्साचा परिणाम दिसायला तास लागतात. योग्य प्रमाणात स्नायूत दिलेल्या ॲड्रेनलिनपेक्षा उशीर अधिक घातक आहे.

म्हणून पहिली मागणी: महापालिकेने एका पानाचा मराठी उपचार-आदेश काढावा आणि तो प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात व वाशी, नेरुळ, ऐरोली येथील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात भिंतीवर लावावा. ॲनाफिलॅक्सिसची लक्षणे दिसताच कामावर हजर असलेल्या डॉक्टराने, आणि डॉक्टर जागेवर नसल्यास प्रशिक्षित परिचारिकेने, परवानगीसाठी न थांबता पहिला डोस द्यावा, असे त्यात स्पष्ट असावे. रुग्णाला आडवे ठेवून पाय वर करावेत, दम लागत असेल तर बसू द्यावे, पण उठवून चालवत नेऊ नये, हेही त्यात असावे. कारण काय, हा प्रश्न पहिल्या डोसनंतर विचारावा.

हे होऊ शकते, कारण याच यंत्रणेने ते केले आहे. कोविड लसीकरणात प्रत्येक केंद्रावर ॲनाफिलॅक्सिसचे किट ठेवण्याचा आणि लस घेतलेल्याला ३० मिनिटे बसवून ठेवण्याचा नियम होता. लसीकरण कार्यक्रमात एएनएमने (साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविकेने) वयानुसार ॲड्रेनलिनचा एक डोस स्नायूत द्यावा, याला केंद्राची मान्यता आहे. सर्पदंशावरचे प्रतिविष देतानाही ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवतात. म्हणजे औषध, सुई, तक्ता आणि शिकलेले हात हे सारे यंत्रणेजवळ आहे. लशीमुळे झटका आला तर नियम आहे. तोच झटका घरी जेवताना किंवा लोकलमध्ये आला, तर तो नियम लागू नसावा, याला कोणतेही वैद्यकीय कारण नाही.

शेजारच्या रायगड जिल्ह्यातले उदाहरण आमच्यापेक्षा प्रशासनाला अधिक ठाऊक असेल. महाडमध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून दाखवले आणि ज्या दंशाने कोकणात अनेक माणसे दगावत होती, त्यातले मृत्यू फार खाली आले. साधी गोळी आणि साध्या दवाखान्यातही पाळता येईल अशी पद्धत एवढ्यावर ते झाले. आमची मागणी त्याच जातीची आहे.

साठ्याबद्दल: प्रत्येक केंद्रात ॲड्रेनलिनची किमान ५ ॲम्प्युल, १ मिलिलिटरच्या सिरिंज आणि स्नायूत पोहोचतील अशा लांबीच्या सुया एका वेगळ्या, कुलूप नसलेल्या डब्यात असाव्यात. औषधाची मुदत संपून वाया जाईल, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. मुदतीला ३ महिने उरले की केंद्रातील ॲम्प्युल मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पाठवावीत, जिथे ती रोज लागतात, आणि त्याबदली नवी आणावीत. यात वाया काही जात नाही.

१०८ आणि रस्ता

२०१४ मध्ये राज्यात १०८ सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यात प्रगत जीवनरक्षक २३३ आणि मूलभूत ७०४ अशी विभागणी होती. फोन करणाऱ्याला गाडी कोणती येईल, हे निवडता येत नाही. तेव्हा दोन्ही प्रकारच्या गाड्यांत ॲड्रेनलिन आणि ते देण्याचा अधिकार असलेला कर्मचारी हवा. फोन घेणाऱ्याने ‘घसा आवळतोय का, रुग्णाजवळ ॲड्रेनलिन आहे का’ हे २ प्रश्न विचारावेत आणि असेल तर ते लगेच द्यायला सांगावे.

नोंद

आमच्या मते सर्वाधिक दुर्लक्ष इथे झाले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

झटका ओसरला की रुग्ण बरा दिसतो. त्याला तासाभरात घरी पाठवतात आणि डिस्चार्ज कार्डावर ‘ॲलर्जी’, ‘चक्कर’ किंवा ‘अन्नविषबाधा’ असे लिहितात. याचे तीन परिणाम होतात. काही रुग्णांत लक्षणे काही तासांनी परत येतात, तेव्हा तो माणूस घरी झोपलेला असतो. पुढचा डॉक्टर आधीच्या झटक्याला झटका मानत नाही. आणि कारण शोधण्याची एकुलती एक चांगली संधी निघून जाते.

ही संधी म्हणजे ट्रिप्टेस ही रक्तचाचणी. झटका सुरू झाल्यावर १ ते २ तासांत, फार तर ४ तासांत रक्त घ्यावे लागते आणि पूर्ण बरे झाल्यावर, किमान २४ तासांनी, तुलनेसाठी दुसरा नमुना. झटक्याच्या वेळचे प्रमाण हे मूळ प्रमाणाच्या १.२ पट अधिक २ यापेक्षा जास्त आले, तर ॲलर्जीची रसायने सोडणाऱ्या मास्ट पेशी उद्दीपित झाल्याचा पुरावा मिळतो. मूळ प्रमाणच वाढलेले असेल, तर मास्टोसायटोसिससारखा आजार तपासता येतो. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा शोधत फिरणाऱ्या रुग्णाला पहिला नमुना कधीच मिळत नाही.

मागणी अशी: महापालिकेच्या प्रत्येक रुग्णालयात झटक्याच्या रुग्णाचे रक्त ठरल्या वेळेत घ्यावे आणि वेळेच्या नोंदीसह साठवावे. चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेत झाली तरी आमची हरकत नाही. रक्त घेणे रुग्णालयातच व्हावे. रुग्णाला किमान ६ तास निरीक्षणाखाली ठेवावे. दुसरा डोस लागला असेल, दमा असेल किंवा घर दूर असेल तर अधिक. डिस्चार्ज कार्डावर ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द, आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील टी७८.२ हा संकेतांक, झटक्याची व औषधाची वेळ आणि आधीच्या ६ तासांत खाल्लेले अन्न, घेतलेली औषधे, केलेले श्रम, झालेले दंश लिहावेत. कारण माहीत नसेल तर ‘कारण अज्ञात’ असे लिहावे. रकाना कोरा ठेवू नये.

कारण शोधण्याची जागा

‘अज्ञात’ हा निष्कर्ष बाकी सगळे तपासून झाल्यावर काढायचा असतो. दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, महिनाभर उघड्या राहिलेल्या मैद्यात किंवा तयार पिठात सूक्ष्म किडे वाढतात आणि त्या पिठाचे पदार्थ खाऊन झटका येऊ शकतो. खाणाऱ्याला गव्हाची ॲलर्जी नसते. काहींना गहू खाऊन स्वस्थ बसले तर काही होत नाही, खाऊन पळापळ केली तर होते. गोचीड चावल्यानंतर काहींना मटणाची ॲलर्जी जडते आणि झटका जेवणानंतर ३ ते ६ तासांनी, मध्यरात्री येतो. दुखण्यावरच्या गोळ्या हे तर कायम विसरले जाणारे कारण. या गोष्टी विचारायला १० मिनिटांची ओपीडी पुरत नाही.

वाशीच्या सार्वजनिक रुग्णालयात महिन्यातून २ दिवस ॲलर्जी ओपीडी सुरू करावी. तज्ज्ञ मानधनावर बोलवावा. झटका आलेल्या प्रत्येकाला डिस्चार्जच्या वेळीच तिथली तारीख मिळावी.

औषध जवळ बाळगण्याचा हक्क

परदेशात रुग्ण ॲड्रेनलिनचे स्वयंचलित इंजेक्शन खिशात ठेवतो. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. स्वतःच्या वापरासाठी परदेशातून आणायचे तर नमुना १२-अ मध्ये अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. परवडेल त्यानेच हे करावे, हे न्याय्य नाही. अशा उपकरणाचे देशात उत्पादन व नोंदणी व्हावी, यासाठी राज्याने केंद्राकडे शिफारस करावी आणि राज्याच्या मालकीच्या हाफकिन महामंडळाकडून शक्यता तपासून घ्यावी.

तोवर आमच्याजवळ ॲम्प्युल आणि सिरिंजच असणार. कारखान्याच्या गेटवर, मॉलमध्ये, परीक्षा केंद्रावर सुरक्षारक्षक सुई काढून घेतात. महापालिकेने छायाचित्रासह ओळखपत्र द्यावे, ज्यावर आजार, औषध, डोस आणि द्यायची जागा मराठी व इंग्रजीत असेल. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील आस्थापनांना ते मान्य करण्याचे परिपत्रक जावे. रुग्णाला आणि घरातल्या दोघांना इंजेक्शन भरण्याचे शिक्षण मिळाल्याशिवाय ओळखपत्र देऊ नये, ही अट आम्हीच सुचवतो.

शाळा आणि अन्न

अमेरिकेने २०१३ साली कायदा करून शाळांत राखीव ॲड्रेनलिन ठेवण्यास प्रोत्साहन दिले. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळा ते चिठ्ठीशिवाय विकत घेऊ शकतात. आमची मागणी तूर्त छोटी आहे: महापालिका शाळांत २ शिक्षक प्रशिक्षित असावेत, ज्ञात रुग्ण मुलाचे किट वर्गशिक्षकाजवळ असावे आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा क्रमांक कार्यालयात लावलेला असावा.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबल नियमांत ८ प्रकारचे ॲलर्जीकारक घटक जाहीर करणे बंधनकारक आहे. त्यात तीळ, मोहरी, हरभरा नाहीत. बेसन आणि तिळाशिवाय आपले कोणते फराळाचे ताट होते? आम्हाला झटक्यानंतर मागे जाऊन काय खाल्ले ते शोधावे लागते. अन्न व औषध प्रशासनाने केटरर, कँटीन आणि मेस यांना ग्राहकाने मागितल्यास घटकांची संपूर्ण यादी लेखी देणे बंधनकारक करावे.

मुदत आणि अटी

उपचार-आदेश व साठा ३० दिवसांत. प्रशिक्षण ९० दिवसांत. नोंदीचा नमुना आणि ओळखपत्र त्याच मुदतीत. ॲलर्जी ओपीडी ६ महिन्यांत. खर्चासाठी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. दर तिमाहीला केंद्रनिहाय साठा, नोंदलेले झटके आणि पहिल्या डोसपर्यंत लागलेली मिनिटे महापालिकेच्या संकेतस्थळावर जाहीर व्हावीत. रुग्णाचे नाव कुठेही येऊ नये. आढावा समितीत आमचे २ प्रतिनिधी असावेत.

निधी नाही, हे उत्तर आम्ही स्वीकारणार नाही. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले आहे की सरकारी रुग्णालयात वेळेत तातडीचा उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१चा भंग आहे आणि पैशांची अडचण ही त्याची सबब होऊ शकत नाही.

आमच्याकडून: प्रशिक्षणासाठी आमचे सभासद आपले अनुभव सांगायला येतील, उपचार-आदेशाची मराठी भाषा तपासून देतील आणि सोसायट्यांमध्ये घरच्यांसाठीचे वर्ग संघटना स्वखर्चाने घेईल. एखाद्या कर्मचाऱ्याने आदेश पाळून चांगल्या हेतूने डोस दिला, तर निदान चुकले तरी त्याच्यामागे संघटना उभी राहील.

प्रत्येक मागणीवर स्वतंत्र लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे. एखादी मागणी अमान्य असेल तर तिचे वैद्यकीय किंवा कायदेशीर कारण द्यावे. उत्तर न आल्यास केंद्रनिहाय साठ्याची माहिती आम्ही माहितीच्या अधिकारात मागवू आणि ती घेऊन त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनात आपल्यासमोर हजर राहू.

आपले,
नवी मुंबई परिसरातील तीव्र ॲलर्जीच्या रुग्णांच्या व पालकांच्या संघटनेचे सर्व सभासद