बांधाचा तंटा, उपग्रहाची साक्ष

मोबाइलवरच्या नकाशाची चूक सहज पाच मीटरची असते. हॉटेल शोधायला ती चालते. शंभर मीटरच्या बांधावर मात्र तेवढ्यात जवळपास 5 गुंठे इकडचे तिकडे होतात, आणि भाऊबंदकीला तेवढे पुरते! ही चूक काही सेंटिमीटरवर आणण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने ‘कॉर्स’ केंद्रांचे जाळे उभारले आहे. प्रत्येक केंद्राचे स्थान पक्के ठाऊक असते. उपग्रहांच्या संकेतांतला दोष ते अहोरात्र टिपते आणि रोव्हर हे फिरते मोजणीयंत्र घेऊन शेतात उभ्या असलेल्या भूकरमापकाला त्याची दुरुस्ती तत्काळ मिळते. 1802 मध्ये मद्रासजवळ साखळीने आधाररेषा मोजणारा आणि 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला देह ठेवणारा सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टन अर्ध्या टनाचा थिओडोलाइट हा कोनमापक घेऊन हिंडला. आता काम काठीवरच्या छोट्या यंत्रावर भागते.

यंत्राबद्दल आमची तक्रार नाही. अडचण दप्तरात आहे. आपले मूळ नकाशे 33 फुटी साखळीच्या काळातले; त्यांत कागद आकसला, बांध सरकले, हद्दीचे दगड नाहीसे झाले. रोव्हर जितका अचूक, तितका हा जुना घोळ उघडा पडणार. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुळले नाही, तर ग्राह्य काय धरायचे? भूमी अभिलेख विभागाने ते मोजणीच्या आधीच दोन्ही बाजूंच्या खातेदारांना लेखी कळवावे.