ज्याला रकानाच नाही

अमेरिकेत मेडिकेड या सरकारी विम्यातील 21 वर्षांखालील मुलांची वेळोवेळी तपासणी व्हावी, दोष सापडल्यास उपचार मिळावेत, अशी तरतूद 1967 सालापासून आहे. 1989 च्या कायद्याने राज्यांना त्याचा वार्षिक अहवाल बंधनकारक झाला. पात्र मुले किती, तपासली किती, सारे त्यात येते. उद्दिष्ट 80 टक्के. कागदावर सारे चोख!

पण 2010 मध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्याच महानिरीक्षकांनी नऊ राज्यांतील नोंदी उघडल्या. 76 टक्के मुलांची एक तरी आवश्यक तपासणी राहिली होती. निम्म्याहून अधिक मुलांच्या डोळ्यांची वा कानांची एकदाही तपासणी झालेली नव्हती. आणि अहवालाच्या नमुन्यात डोळे-कानांचा रकानाच नव्हता! 2014 मध्ये महानिरीक्षकांना तेच पुन्हा सांगावे लागले.

आमच्या बँकेत ठावठिकाणा नसलेली रक्कमसुद्धा सस्पेन्स खात्यात दिसते. ऑडिटर तिचा जाब विचारतोच. ऐकू न येणारे पोर मात्र वर्गात ‘ढ’ ठरून मोकळे! हे दोन रकाने हवेतच. आणि त्यापुढे, दोष सापडलेल्या किती मुलांना खरोखर चष्मा वा श्रवणयंत्र मिळाले, हेही राज्यांना विचारले गेले पाहिजे.