विल्यम्सबर्गच्या फ्रेममध्ये काय येते

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन झाले की व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गलाही जाऊन येतात. परत आल्यावर फोटो दाखवले जातात: तीनकोनी टोपीतला माणूस, घोडागाडी, विटांचा राजवाडा. फोटो देखणे असतात आणि पाहणाऱ्याला वाटते, अठराव्या शतकातले एक गाव जसेच्या तसे टिकून राहिले आहे. हा समज बव्हंशी फोटोंनीच रुजवला आहे. म्हणून तिथे कॅमेरा कुठून आणि कसा धरावा, याचा विचार व्हायला हवा.

हे गाव मुळातच डोळ्यासाठी आखलेले आहे. १६९९मध्ये व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी इथे आली आणि १७८०पर्यंत राहिली. गव्हर्नर फ्रान्सिस निकोल्सन यांनी आखलेला मुख्य रस्ता, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट, ९९ फूट रुंद आणि जवळपास मैलभर सरळ. एका टोकाला कॉलेजची इमारत, दुसऱ्या टोकाला विधानगृह. मुख्य रस्त्यावरची घरे रस्त्यापासून सहा फूट आत, एका ओळीत हवीत, असा दंडकच होता. त्यामुळे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले की दोन्ही बाजूंच्या रेषा आपोआप दूरच्या इमारतीकडे धावतात. नवखा माणूसही इथे नेटका फोटो काढतो, कारण अर्धी रचना निकोल्सन करून गेले आहेत.

उरलेली अर्धी उजेडाची. रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो. सकाळी सूर्य विधानगृहामागून वर येतो, तेव्हा तिकडे तोंड केले तर माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. दुपार उतरल्यावर त्याच इमारतीच्या विटा उजळून निघतात. उत्तरेकडच्या घरांच्या दर्शनी भिंतींवर ऊन असते, दक्षिणेकडच्या घरांची तोंडे बहुतेक वेळ सावलीत. उन्हाळ्यातले माथ्यावरचे ऊन लाकडी फळ्यांच्या भिंतींवरची प्रत्येक आडवी रेघ उठवून दाखवते. असे बारकावे कळले की फोटो सुधारतात, यात शंका नाही.

पण गव्हर्नरच्या ज्या राजवाड्यासमोर सगळे उभे राहतात, तो १९३४मध्ये बांधलेला आहे. मूळ वास्तू १७८१च्या डिसेंबरात जळाली, तेव्हा तिथे यॉर्कटाऊनच्या लढाईतल्या जखमींचे रुग्णालय होते. १९२६मध्ये इथल्या ब्रूटन चर्चचे धर्मगुरू गुडविन यांच्या आग्रहावरून आणि जॉन रॉकफेलर (धाकटे) यांच्या पैशातून गावाचा जीर्णोद्धार सुरू झाला. राजवाड्याचा पाया जमिनीत सापडला, थॉमस जेफरसन यांनी काढलेला आराखडा हाती होता आणि १९२९मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात एक ताम्रपट मिळाला, ज्यावर राजवाडा, विधानगृह आणि कॉलेज कोरलेले होते. चित्रावरून इमारत उभी राहिली आणि आज आपण त्या इमारतीचे चित्र घेतो. आपल्याकडे १८२८च्या आगीनंतर शनिवारवाड्याच्या आत जोती उरली आणि ती आपण जोती म्हणूनच पाहतो. विल्यम्सबर्गने जोत्यावर वाडा पुन्हा चढवला. अभ्यास करून, नेकीने चढवला. तरी राजवाड्याच्या बागेत दीडशेहून अधिक जणांच्या कबरी उत्खननात निघाल्या, हे त्या बागेच्या फोटोंत कुठेच दिसत नाही.

जुने दिसावे म्हणून नवे काढावे लागले. मूळ अठराव्या शतकातल्या इमारती नव्वदच्या आसपास. त्यांना मोकळे करण्यासाठी नंतरच्या काळातल्या शेकडो इमारती पाडल्या किंवा हलवल्या गेल्या. नॅसॉ स्ट्रीटवरचे कृष्णवर्णीयांचे फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च त्यांतलेच. १८५६ची ही इमारत विसाव्या शतकाच्या मध्यास पाडली गेली आणि त्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. २०२०मध्ये तिथे उत्खनन सुरू झाले, आधीच्या प्रार्थनागृहाचा पाया आणि कबरी सापडल्या. छायाचित्रकार विजेचा खांब फ्रेमबाहेर ठेवतो, तसे या गावाने अख्खे चर्च फ्रेमबाहेर ठेवले होते.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास इथली निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीय होती आणि त्यांतले बहुतेक गुलाम. पर्यटकांना ही बाजू वेशधारी निवेदकांकडून नीट सांगितली जाऊ लागली ती १९७९पासून. रस्त्याच्या मधोमध उभे राहून ती दिसत नाही. घराला वळसा घालून मागे जावे लागते: स्वयंपाकघर, धुणीघर, विहीर, मांस धुरावण्याची खोली. घर आणि ही खोपटी एका फ्रेममध्ये घ्यायची तर कोपऱ्यावर उभे राहून तिरकस अँगल धरावा लागतो. मुख्य रस्त्यावरची समतोल रचना मोडते. मोडू द्यावी, फोटो त्याने खरा होतो. गुलामांच्या भूमिका करणाऱ्यांना मात्र आधी विचारावे आणि ‘हसा जरा’ म्हणू नये.

कारागिरांकडे वेळ द्यावा. लोहार, पिंपे घडवणारा, केसांचे टोप करणारा, छापखान्यात खिळे जुळवणारा, हे सगळे खरोखर काम करतात, अनेकांनी वर्षानुवर्षे उमेदवारी केलेली असते. आत अंधार, उजेड एकाच खिडकीचा. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळा पडतो, म्हणून ती कुशीला ठेवावी आणि फ्लॅश बंद करावा. भट्टीजवळ ठिणग्यांच्या रेघा हव्यात तर शटर १/१५ सेकंदाच्या आसपास, टिंबे हवीत तर १/२५०. फोकस पोशाखावर नको, हातांवर हवा. टोपी गोदामातून मिळते, हाताला पडलेले घट्टे मिळत नाहीत.

राहिली फोटोखालची ओळ. आपली छायाचित्र-मंडळे आणि दिवाळी अंक प्रवासचित्रे मागवतात तेव्हा शटर आणि लेन्सचे तपशील विचारतात. त्यांतच इमारत केव्हाची, मूळ की पुन्हा बांधलेली, आणि दिसणारा माणूस कोणाची भूमिका करतो आहे, हेही विचारावे. ‘गव्हर्नरचा राजवाडा, जळाला १७८१, बांधला १९३४’ एवढे लिहायला फार जागा लागत नाही.