आधीची 83 कुठे आहेत?

कर्जत तालुक्यातील शेतकरी बंधू-भगिनींनो,

सप्टेंबरच्या अखेरीस सीना पात्राबाहेर आली. उडीद गेला, तूर बसली, कांदा सडला आणि काठच्या रानांची मातीही वाहून गेली. हे तुम्हाला सांगायला नको. त्याच दिवसांत, 25 सप्टेंबर 2025 ला, दिल्लीत एक सही झाली: 97 तेजस मार्क-1ए विमाने, 62,370 कोटी, कर वेगळे. पुढे 7 ऑक्टोबरला राज्याने अख्ख्या महाराष्ट्राच्या अतिवृष्टीसाठी पॅकेज जाहीर केले. ते 31,628 कोटींचे, म्हणजे जेमतेम निम्मे.

विमानेच नकोत, असे आम्ही म्हणत नाही. या जिल्ह्याची पोरे फौजेत आहेत. आमचा राग एका रिवाजावर आहे: पहिली मागणी पुरी झालेली नसताना दुसरी, तिच्याहून मोठी, द्यायची. फेब्रुवारी 2021 मध्ये अशाच 83 विमानांचा करार झाला होता. 2024 च्या सुरुवातीपासून ती मिळायची होती. नवी सही झाली त्या दिवशी त्यांतले एकही हवाई दलाच्या ताब्यात नव्हते. शून्य! 17 ऑक्टोबरला ओझरला एक उडाले, टाळ्याही झाल्या. उडाले म्हणजे ताब्यात आले नव्हे. विहीर अर्धवट टाकून गेलेल्या ठेकेदाराला आपल्यात कुणी दुसरी विहीर सांगतो का?

इंजिने अमेरिकेहून उशिरा आली, असे सांगतात. खरे आहे. पण अमेरिकेच्या दारात उभे का राहावे लागले? आपले ‘कावेरी’ इंजिन 1989 मध्ये 383 कोटींना मंजूर झाले, 1996 अखेर पुरे व्हायचे होते, आणि 2008 मध्ये ते तेजसपासून वेगळे काढले. रशियाबरोबरच्या पाचव्या पिढीच्या विमानाच्या नुसत्या प्राथमिक आराखड्यावर 29.5 कोटी डॉलर घातले आणि 2018 मध्ये अंग काढून घेतले. त्या पैशांचा पंचनामा करायला कुठला तलाठी गेला?

पंचनामा आपलाच होतो. फोटो आणा, सातबारा आणा, ई-पीक पाहणी केली होती का, फार्मर आयडी कुठे आहे, अंगठा जुळत नाही, उद्या या. एवढे करून जिरायतीला हेक्टरी 18,500, तेही तीन हेक्टरपर्यंत. नव्या करारातले एक विमान, बरोबरच्या सामानासह, सरासरी 643 कोटींना पडते. जिरायतीचा हाच हेक्टरी दर धरला तर तेवढ्यात कर्जत तालुक्याची सगळी जमीन, ओढेनाले आणि रेहेकुरीचे अभयारण्य धरून, दोनदा वाटून होते आणि वर पैसे उरतात.

“चीन-पाकिस्तान दिसत नाहीत का?” दिसतात, म्हणून तर विचारतो. हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन 42. 26 सप्टेंबरला मिग-21 निवृत्त झाली आणि उरल्या 29. त्या मिगच्या जागी यायचे म्हणून तेजस 1983 मध्ये मंजूर झाले होते. करारावरच्या सहीने आकाश राखले जात असते, तर आज काळजीच नसती.

“हा देशाचा प्रश्न आहे, कांद्याचा नव्हे,” असे सांगणारे शहाणे गावोगावी आहेत. खताच्या गोणीवर आणि ट्रॅक्टरच्या टायरवर जीएसटी भरणारा देशात मोडतो की नाही, तेवढे त्यांनी सांगून टाकावे.

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: पहिली 83 विमाने ताब्यात येईपर्यंत पुढच्या 97 चा एकही हप्ता देऊ नये, आणि उशिराबद्दल दंड किती वसूल केला ते संसदेत सांगावे. ठरावाची प्रत खासदारांकडे द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

कर्जत, ऑक्टोबर 2025