नवा इंटरफेस घेण्याआधी जरा थांबा

मंडळी, वाईत रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती घरीच रेकॉर्ड करणाऱ्यांची गणपतीआधी गडबड असते. नेमका तेव्हाच आवाज बंद होतो, नाहीतर चरचरतो. लगेच सल्ला मिळतो, ‘इंटरफेस गेला, नवा घ्या.’ माझं मत विचाराल तर खिशात हात घालू नका. सीझनच्या तोंडावर भांडवल असं अडकवायचं नसतं!

आवाजच येत नाही? विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बघा. मॉनिटर एचडीएमआयने जोडला की आउटपुट बऱ्याचदा गुपचूप तिकडे जातं. माइकवर बोललेलं हेडफोनमध्ये येतं, पण रेकॉर्ड केलेलं येत नाही? काही इंटरफेसवर मिक्सचा नॉब असतो. तो पूर्ण इनपुटकडे फिरलेला असतो, बाकी काही नाही. पोरांचे हात, दुसरं काय.

चरचर असेल तर बफर ६४ वरून २५६ करा. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे साधारण ५ मिलिसेकंद, जाहिरात वाचणाऱ्याला ते जाणवतही नाही. सॅम्पल रेट विंडोजमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच ठेवा. हब काढून केबल थेट यूएसबीला लावा, ड्रायव्हर कंपनीचाच टाका.

एवढं करूनही दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच रडगाणं असेल, तर मात्र खुशाल नवा घ्या.